परदेशी फंड मिळवून देतो म्हणणाऱ्याला दोन लाख द्यावेत का?

वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढलेत):

माझ्या सासऱ्यांनी, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तीसेक वर्षांपूर्वी ट्रस्ट काढून कोल्हापूरजवळ एमआयडीसीच्या कडेला खाजगी आयटीआय सुरू केलं. फिटर, टर्नर, फौंड्रीमन असे ट्रेड आहेत. चार वर्षं झाली, कारभार मी बघते. डिसेंबरात नवऱ्याच्या फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) आलेल्या जर्मन कस्टमरबरोबर तिकडचे एक रिटायर ट्रेनर सहज आमच्याकडे आले. वर्कशॉपमध्ये दोन तास रमले. आमचे मोल्डिंगचे मिस्त्री साच्याची वाळू मुठीत दाबून, मोडून बघतात त्याचे फोटो काढले, आणि जाताना म्हणाले की माझ्या जुन्या शाळेतली पोरं इथं यायला पाहिजेत. नंतर एका कन्सल्टंटनं आबांना गाठलं. म्हणतोय युरोपचा इरॅस्मस प्लस फंड आहे, चार लाख युरो म्हणजे चार कोटी, मी मिळवून देतो, आधी दोन लाख फी आणि पैसे आल्यावर दहा टक्के. तुमचं एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी) नसलं तरी चालतंय, माझ्या संस्थेच्या खात्यावर घेऊ आणि तुम्हाला पाठवू. आबांच्या डोळ्यासमोर नवीन बिल्डिंग आणि सीएनसी मशीन उभं आहे. मी शंका काढली तर "तुझी झेपच लहान" म्हणाले, घरात बोलणं कमी झालंय. फसायची भीती आहे आणि माझ्या भीतीमुळं खरी संधी गेली तर काय, हीपण भीती आहे. माझं इंग्रजी कामापुरतं, आणि आमच्याकडं त्यांना दाखवण्यासारखं काय आहे? काय करू?

ताई,

दोन लाख देऊ नका. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण हे वाचेपर्यंत आबांनी चेकबुक बाहेर काढलेलं असू शकतं. बाकीचं सावकाश बोलू, आणि बाकीचंच जास्त महत्त्वाचं आहे, कारण फसवणूक टळली म्हणजे तुमचा प्रश्न सुटला असं नाही. तुमच्याकडं खरंच एक संधी आलीय, फक्त ती त्या माणसाच्या फायलीत नाही, ती डिसेंबरात तुमच्या वर्कशॉपमध्ये दोन तास उभी होती.

आधी त्या कन्सल्टंटचं बोलणं तपासू, कारण त्यातलं निम्मं खरं आहे आणि म्हणूनच ते पटतंय. इरॅस्मस प्लस ही युरोपियन युनियनची खरीखुरी योजना आहे, सध्याचा टप्पा 2021 ते 2027, बजेट साधारण 26 अब्ज युरो. चार लाखाचा आकडापण हवेतला नाही. उच्च शिक्षणातल्या क्षमतावाढीसाठी तिच्यात एक भाग आहे, त्यातल्या सगळ्यात छोट्या प्रकारच्या प्रोजेक्टला दोन ते चार लाख युरो मिळतात, आणि भारतातल्या संस्था त्यात बसतात. पण त्या भागाच्या नावातच उच्च शिक्षण आहे. म्हणजे मुख्य खेळाडू विद्यापीठं आणि डिग्री देणारी कॉलेजं, तिकडची आणि इकडची मिळून. आयटीआयचं सर्टिफिकेट पोटापाण्याला कितीही मोलाचं असलं तरी त्यांच्या हिशेबात ती उच्च शिक्षण संस्था नव्हे, त्यामुळं तुम्ही एकट्यानं अर्ज करून चार लाख युरो आणायचे हे होणारच नाही. कुणा इंजिनिअरिंग कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या जोडीनं, उद्योगाच्या बाजूचा पार्टनर म्हणून आत जाता येतं, तो रस्ता चांगला आहे, त्याच्याकडं मी परत येते. व्यवसाय शिक्षणाच्या क्षमतावाढीची वेगळी योजनापण इरॅस्मसमध्ये आहे, नाव ऐकून वाटतं ही आपल्यासाठीच, पण तिची प्रदेशांची यादी उघडली की पश्चिम बाल्कन, युरोपच्या शेजारचे देश, आफ्रिका, लॅटिन अमेरिका, कॅरिबियन एवढंच सापडतं. आपला भाग त्यात नाही.

आता पैसा मिळालाच असं धरून चला. तो सगळा एका खात्यात येत नाही, पार्टनरांत वाटला जातो, दोन-तीन वर्षं पुरवायचा असतो, आणि युरोपियन युनियन जास्तीत जास्त 90 टक्के खर्च देतं, उरलेला पार्टनरांनी उभा करायचा. जागा घेणं, बिल्डिंग बांधणं यासाठी तो पैसा नाहीच. म्हणजे आबांच्या डोळ्यासमोर जी इमारत आहे तिची एक वीटसुद्धा यातून यायची नाही. अर्ज करायला फी नाही, संस्थेची नोंदणी करून जो नऊ आकडी पीआयसी नंबर मिळतो तोपण फुकट. कुणाला अर्ज लिहायचे कष्टाचे पैसे देणं यात वावगं काही नाही, मी स्वतः असे अर्ज लिहिलेत, पण तुमची संस्था ज्या योजनेत बसतच नाही तिच्यासाठी आगाऊ दोन लाख म्हणजे काय ते तुम्हालाच कळतंय. दहा टक्क्याचं तर आणखी अवघड, प्रोजेक्टच्या पैशातून असं कमिशन दाखवायला कुठला रकाना आहे ते त्यालाच विचारा.

आणि तुमच्या पत्रातलं ज्यानं माझ्या पोटात खड्डा पडला ते वाक्य म्हणजे "माझ्या संस्थेच्या खात्यावर घेऊ आणि तुम्हाला पाठवू". ताई, 2020 च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएमध्ये हे सरळ बंद आहे. एका संस्थेनं घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला पुढं देता येत नाही, दुसरीचं स्वतःचं रजिस्ट्रेशन असलं तरी नाही. एफसीआरएचा पैसा पहिल्यांदा येतो तो फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात, संसद मार्गावर. कोल्हापूरच्या शाखेत मॅनेजर कितीही ओळखीचा असला तरी तिथं थेट घेता येत नाही. प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत, दरवर्षी 31 डिसेंबरच्या आत रिटर्न, आणि चूक झाली तर प्रकरण ट्रस्टींच्या अंगाशी येतं, कन्सल्टंटच्या नाही. ट्रस्टी म्हणजे आबा, आणि आता बहुतेक तुम्हीपण.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. मी ज्या संस्थेच्या ऑफिसात पूर्वी काम करायचे तिथं परदेशातल्या एका छोट्या मंडळानं वर्कशॉपच्या टूलकिटसाठी 3,000 युरो पाठवले. रक्कम छोटीच, पण आमच्या पोरांना प्रत्येकाला स्वतःचं व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) मिळणार होतं, मी यादीसुद्धा करून ठेवलेली, कुणाला कुठला नंबर. आम्ही साधा सेव्हिंग खात्याचा नंबर कळवला होता, कारण कुणालाच माहीत नव्हतं, विचारायचंही सुचलं नाही. पैसे अडकले, पत्रं, खुलासे, पाच महिने गेले आणि रक्कम परत गेली. तिकडच्या बाईंनी एकच मेल केला, आम्हाला वाटलं तुम्हाला नको असतील. परत त्यांनी कधी लिहिलं नाही. ती यादी बरीच वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये होती. तेव्हापासून परदेशी पैसा म्हटलं की मी पहिलं खातं विचारते, योजना नंतर.

आता जरा वेगळं बोलू. आबांचं आणि तुमचं भांडण झालंय ते पैसे द्यायचे की नाही यावर, पण तुम्ही दोघंही एकच गोष्ट मनात धरून चाललाय, की परदेशाशी सहकार्य म्हणजे तिकडून आपल्याकडं पैसा येणं. आबांना तो यावा असं वाटतं, तुम्हाला तो येणार नाही असं वाटतं. मी इतकी वर्षं जे बघितलं त्यात टिकलेली कामं उलट्या बाजूनं सुरू झालेली आहेत. आधी दोन माणसं एकमेकांच्या कामाला भेटली, मग पोरं किंवा शिक्षक आले-गेले, मग कुठं फंडाचा विषय निघाला, आणि त्यातला कितीतरी पैसा इकडच्या खात्याला शिवलासुद्धा नाही.

तुमच्या बाबतीत हे कसं बसतं बघा. इरॅस्मस प्लसमध्ये व्यवसाय शिक्षण घेणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना परदेशी पाठवायचा भाग आहे. जर्मनीतल्या व्यवसाय शाळा त्यातून आपली पोरं स्पेनला, फिनलंडला पाठवत असतात. पण 2021 पासून मिळालेल्या पैशातला 20 टक्क्यांपर्यंतचा भाग युरोपबाहेर पाठवायला वापरता येतो, आणि त्यात भारत चालतो. म्हणजे त्या ट्रेनरांच्या जुन्या शाळेला असा फंड मिळत असेल, तर तिची चार पोरं आणि एक शिक्षक कोल्हापुरात यायचं तिकीट, राहणं-खाणं तिकडच्या पैशातून होऊ शकतं. अर्ज ती शाळा करणार, हिशोब ती शाळा देणार. तुम्ही फक्त होस्ट. तुमच्या ट्रस्टला देणगी येत नाही म्हणून एफसीआरएचा प्रश्नच उठत नाही. पोरांच्या ट्रेनिंगची किंवा राहण्याची फी तुम्ही रीतसर बिल करून घेतली तर ती दिलेल्या सेवेची फी, देणगी नव्हे, तरी आपल्या सीएकडून हे लेखी घेऊन ठेवा, तोंडी नको.

दुसरा रस्ता त्या ट्रेनरांचाच. जर्मनीत बॉनला सीनियर एक्स्पर्ट सर्व्हिस म्हणून संस्था आहे, एसईएस म्हणतात, 1983 पासूनची, तिकडच्या उद्योगांनी काढलेली. रिटायर झालेले तज्ज्ञ तिच्यामार्फत दुसऱ्या देशात काही आठवडे मानधन न घेता शिकवायला जातात. बोलावणाऱ्यानं साधारणपणे राहायची-जेवायची सोय, इथलं जाणं-येणं आणि थोडा हातखर्च बघायचा. प्रवासाचा खर्च संस्थेला झेपत नसेल तर तसं मोकळेपणी सांगता येतं. ते गृहस्थ तिथं नोंदलेले आहेत का विचारा, नसतील तर त्यांना नोंदता येईल. तीन-चार आठवडे असा माणूस तुमच्या इन्स्ट्रक्टरांबरोबर उभा राहिला तर त्यातून जे मिळेल ते सीएनसी मशीनपेक्षा कमी आहे असं मला वाटत नाही, आणि मशीनला ऑपरेटर लागतोच की.

तुम्ही लिहिलंय, आमच्याकडं त्यांना दाखवण्यासारखं काय आहे. मला हे वाक्य फार लागलं. जो माणूस आयुष्यभर ट्रेनर होता तो दोन तास कशाला थांबला? मिस्त्री वाळूची मूठ दाबतात, उघडतात, बोटांचे ठसे स्वच्छ उमटलेत का बघतात, मग तो गोळा मधोमध मोडतात. कडा धारदार राहिल्या तर वाळू तयार, भुगा झाला तर कोरडी, तळव्याला चिकटली तर पाणी जास्त. तीन सेकंदाचं काम. तिकडच्या पोराला ते मीटरच्या स्क्रीनवर आकड्यात दिसतं, हाताला कळत नाही. आणि कोल्हापुरात हे एकट्या तुमच्या वर्कशॉपमध्ये नाही. उद्यमनगरात चालत फिरलं तरी एका दुपारी पॅटर्नपासून मशीनिंगपर्यंत सगळं बघून होतं, शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात छोट्या जॉबिंग फौंड्रीपासून ऑटो कंपन्यांना कास्टिंग देणाऱ्या मोठ्या युनिटपर्यंत सगळ्या मापाचं काम चालू असतं. इतकं जवळजवळ सगळं एका गावात सापडणं सोपं नाही. हे आपल्याला रोजचं म्हणून दिसत नाही. तेव्हा मेल लिहिताना आम्हाला मदत करा असा सूर लावू नका. आमच्याकडं हे शिकायला मिळेल आणि आम्हाला तुमच्याकडून अमुक शिकायचंय असं लिहा. अमुक म्हणजे काय ते मात्र आधी ठरवा, रिजेक्शन कमी करणं, सेफ्टी, इन्स्ट्रक्टरचं ट्रेनिंग, काहीतरी एक. जिथं प्रश्न नेमका नाही तिथं फंड देणारा पानभर वाचून पुढं जातो.

सेफ्टीवरून आठवलं, आणि हे जरा स्पष्टच लिहिते. जर्मन शाळा पोरं पाठवायच्या आधी पहिला प्रश्न विचारेल तो सेफ्टीचा. भट्टीतून मेटल ओतताना तुमची पोरं चपलेवर उभी असतील, आणि आपल्याकडं असतात हे मला माहीत आहे, तर तो फोटो बघितल्यावर तिकडची फाईल बंद होईल, आणि बरोबरच आहे. आबा जे दोन लाख त्या माणसाला द्यायला निघालेत त्यातून प्रत्येक पोराला सेफ्टी शूज, गॉगल, हातमोजे, ओतणाऱ्यांना लेदरचे ॲप्रन येतील, होस्टेलची एक खोली पाहुण्यांना राहण्यासारखी होईल, आणि वर काही शिल्लक राहील. जर्मन आले नाहीत तरी तुमच्या पोरांचे पाय वाचतील. आबांना हा हिशोब कागदावर मांडून दाखवा.

कागदांचं म्हणाल तर तेही आत्ताच बघायला घ्या, कारण ते कुठल्याही फंडाला लागतात, देशी असो की परदेशी. धर्मादाय आयुक्तांकडून ट्रस्टच्या शेड्यूल वनचा ताजा उतारा काढा. जुन्या ट्रस्टमध्ये हमखास दिसतं की वारलेल्या ट्रस्टींची नावं अजून तशीच आहेत, चेंज रिपोर्ट (ट्रस्टी बदलल्याची नोंद करायचा अर्ज) कुणी दिलेलाच नाही किंवा देऊन पडून आहे. नव्वद दिवसांत द्यायचा असतो तो. तुमचं स्वतःचं नाव तिथं चढलंय का तेही बघा, चार वर्षं कारभार बघताय म्हणून म्हणते. मग स्वयंसेवी संस्थांसाठीच्या सरकारी दर्पण पोर्टलची नोंदणी, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट. एफसीआरए रजिस्ट्रेशनला संस्था तीन वर्षं जुनी आणि मागच्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान 15 लाख खर्च केलेली असावी लागते, आयटीआयला हे अवघड जाऊ नये. रजिस्ट्रेशन पाच वर्षांचं असतं. एखादी ठराविक रक्कम ठराविक देणगीदाराकडून यायची असेल तर पूर्वपरवानगीचापण मार्ग आहे, त्याला देणगीदाराचं पत्र लागतं. घाई नका करू, पण फाईल तयार असावी.

पाहुणे बोलवाल तेव्हा दोन गोष्टी विसरू नका. ट्रेनिंगला येणाऱ्या पोरांना टुरिस्ट व्हिसावर बोलवायचं नाही, योग्य प्रकार कुठला ते त्यांच्या शाळेनं भारताच्या दूतावासाकडून विचारून घ्यावं. आणि परदेशी माणूस तुमच्या होस्टेलला किंवा घरी राहिला तर 24 तासांत त्याची माहिती सरकारी फॉर्मवर ऑनलाईन भरायची. घरगुती पाहुणचार म्हणून हे राहून जातं आणि मग पोलीस स्टेशनच्या फेऱ्या होतात.

चार लाख युरोवाल्या रस्त्याकडं परत येते म्हटलं होतं. तो दोन-तीन वर्षांनी खरंच खुला होऊ शकतो. कोल्हापुरातल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा शिवाजी विद्यापीठात मेटलर्जी, मेकॅनिकल, किंवा परदेशी सहकार्याचं काम बघणाऱ्या माणसाला जाऊन भेटा. सांगा की आमच्याकडं एका जर्मन व्यवसाय शाळेशी चालू काम आहे, दोन बॅचेस येऊन गेल्यात. युरोपातली विद्यापीठं असेच पार्टनर शोधत असतात, जे कागदाबाहेरही अस्तित्वात आहेत. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेनचा कोल्हापूर चॅप्टर आहे, त्यांनाही सोबत घ्या, उद्योगाचा आवाज एका आयटीआयपेक्षा त्यांचा मोठा. या योजनेचा कॉल, म्हणजे अर्ज मागवणारी जाहिरात, साधारण नोव्हेंबरात निघतो आणि मुदत फेब्रुवारीत असते, दरवर्षी. तेव्हा "ही शेवटची तारीख, परत चान्स नाही" असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. सध्याचा टप्पा 2027 ला संपतोय हे खरं, पण ही योजना 1987 पासून नवनव्या रूपात चालत आलीय आणि 2027 नंतरच्या टप्प्याचा प्रस्तावही तिकडं मांडला गेलाय.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं, कारण अशी पत्रं मला बरीच येतात. सरकारी आयटीआयमधल्या शिक्षकांनो, जागतिक बँक आणि आशियाई विकास बँक यांचा पैसा संस्थेला थेट मागता येत नाही, तो सरकारमार्फतच येतो. 2025 मध्ये मंजूर झालेल्या 60,000 कोटींच्या आयटीआय सुधारणा योजनेत, पीएम सेतू म्हणतात ती, केंद्राच्या वाट्यातला निम्मा पैसा या दोन बँकांचा आहे आणि 1,000 सरकारी आयटीआय त्यात घ्यायचे आहेत. आपलं आयटीआय हब (मुख्य केंद्र) आहे की स्पोक (त्याला जोडलेलं) की कशातच नाही, ते प्राचार्यांना विचारा. इंजिनिअरिंग कॉलेजवाल्यांनी केंद्राची ग्यान योजना बघावी, 2015 पासूनची, परदेशी प्राध्यापकाला बोलावून छोटा कोर्स घ्यायला त्यात 8,000 ते 12,000 डॉलरपर्यंत तरतूद आहे, पैसा भारत सरकारचा म्हणजे एफसीआरएची भानगड नाही, आपलं कॉलेज निकषात बसतं का तेवढं बघावं लागतं.

आणि पालकांनो. पोराला जर्मनीत आउसबिल्डुंगला, म्हणजे कंपनीत काम करत शिकायच्या व्यवसाय प्रशिक्षणाला, पाठवायचं म्हणून चार-पाच लाख मागणारे सध्या गल्लोगल्ली झालेत. आउसबिल्डुंगची सीट विकत मिळत नाही. कंपनी पोराशी करार करते आणि उलट पोरालाच महिन्याला पैसे देते, 2025 मध्ये सुरुवात करणाऱ्यांना पहिल्या वर्षी कायद्यानं किमान 682 युरो. बी वन लेव्हलची जर्मन मात्र यायला लागते, तिथं खर्च करा, तो वाया जात नाही. महाराष्ट्र आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्यांत 2024 मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झालाय त्याचं नाव सांगूनही काहीजण पैसे मागतात, त्यांना सरकारी पत्र दाखवा म्हणायचं. परदेशात नोकरी लावणाऱ्या एजंटाकडं परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, ई-मायग्रेट पोर्टलवर नाव बघता येतं, आणि त्याला 30,000 रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. मास्टर्सला जायचं असेल तर इरॅस्मस मुंडसची स्कॉलरशिप महिन्याला 1,400 युरो आहे आणि अर्ज मुलानं स्वतः करायचा असतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी 75 जणांना. ज्या गावात महाराजांनी पोरांना शिकायला राहायची सोय म्हणून 1901 पासून बोर्डिंगं उभी केली त्या गावातच या शिष्यवृत्तीची माहिती नसलेली घरं मला भेटतात, तेव्हा जीव तुटतो.

ताई, आता आबांचं. त्यांना खोटं पाडायला जाऊ नका. तीस वर्षांपूर्वी एमआयडीसीच्या कडेला कुणी विचारत नव्हतं तेव्हा त्यांनी आयटीआय काढलं, ती झेप होतीच, आणि आता वय झाल्यावर आपल्या हातून आणखी एक मोठं काम व्हावं असं वाटणं साहजिक आहे. त्या कन्सल्टंटला घरी चहाला बोलवा. आबा समोर असू देत, आणि प्रश्न आबांनाच विचारू देत, तुम्ही फक्त एका कागदावर लिहून द्या: कुठल्या कॉलखाली अर्ज करणार, त्याचा नंबर काय, युरोपातलं विद्यापीठ कुठलं आणि त्यांचं पत्र कुठं आहे, मुख्य अर्जदार कोण, चार लाखातला आमचा वाटा किती, पैसा कुठल्या एफसीआरए नंबरच्या खात्यावर येणार. एफसीआरए असलेल्या संस्थांची यादी गृहमंत्रालयाच्या साईटवर सगळ्यांना दिसते, तो नंबर तिथल्या तिथं मोबाईलवर बघा. आबा धंद्यातली माणसं ओळखून आहेत, उत्तरं ऐकताना त्यांचं त्यांना कळेल. तुमच्याकडून ऐकलं तर सुनेनं आडकाठी केली असं होईल, त्याच्या तोंडून ऐकलं तर तसं होणार नाही.

आणि तुमची झेप लहान आहे का, असं तुम्ही स्वतःलाच विचारताय. दोन लाख देण्याआधी चार प्रश्न पडणं म्हणजे लहान झेप नव्हे. पण एक विचारू? डिसेंबरात ते गृहस्थ पोरं पाठवतो म्हणाले, त्यांचं कार्ड तुमच्याकडं असेल, आणि इतके दिवस झाले तरी तुम्ही त्यांना साधा मेल केल्याचं पत्रात कुठं दिसलं नाही. आबा पळत्याच्या मागं लागलेत खरं, पण हातचं धरून ठेवायचं काम तुमच्याकडून राहिलंय. इंग्रजी हे कारण नका सांगू, त्यांचंही इंग्रजी शिकलेलंच आहे. आधी मराठीत लिहा, जसं मला लिहिलंत तसं, मग सोप्या इंग्रजीत करा, दहा-बारा ओळी पुरेत. मी कोण, तुम्ही अमुक दिवशी आला होता, तुम्ही म्हणाला होता ते आम्हाला आवडलं, तुमच्या शाळेला पोरं बाहेर पाठवायचा इरॅस्मसचा फंड मिळतो का, मिळत असेल तर युरोपबाहेर पाठवायचा विचार करतील का, आणि एसईएसमार्फत तुम्ही स्वतः तीन आठवडे यायला तयार आहात का. शाळेत हे काम बघणाऱ्या माणसाचं नाव मागा. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर त्या कस्टमरला फोन करून निरोप द्या, जर्मन माणूस उत्तर देतो, पण सुट्टीवर असेल तर महिनाभर देत नाही.

मेलसोबत वाळू मोडतानाचा एक फोटो जोडा, पण त्याआधी मिस्त्रींना बूट द्या आणि त्यांचं नाव खाली लिहिलेलं चालेल का ते त्यांना विचारून घ्या.